तिसरा छापा

पाचकंदिलाजवळ हिलालच्या सलूनमध्ये
तीन दिवस दुसरा विषय नाही.
शहाद्याच्या कुणा पैसेवाल्याने
आमच्या 'वावटळ'वर पिक्चर काढायला घेतलाय
आणि वावटळ झालाय
धडगावकडचा दिलवर पावरा.

"हाऊ पोऱ्या वावटळ कसा व्हई?"
उत्तम बोरसे गालावरच्या फेसासकट उठतो.
"पुस्तकमा तो गोरापान व्हता!"
"वावटळना रंग कोनता ऱ्हास, आधी ते सांग,"
हिलाल वस्तरा पुसत म्हणतो.
"धुयना," बाकावरून कुणीतरी. हशा.
कॉलेजातला एक पोरगा मात्र गंभीर:
मूळ ते मूळ. उद्या मारुतीला
शेंदराऐवजी नीळ फासली तर चालेल का?

मग सगळे आरशातून माझ्याकडे बघतात.
मूळ म्हणजे मी.
चित्रं चिंधा चित्तेची, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.
रंग भरणारा मी उरलोय.
"सुकलालबापू, तुम्हीच सांगा."

सांगतो. पुष्कळदा सांगितलंय, सांगायला आवडतं.
मगनशेठच्या छापखान्यात शाया दोनच.
काळी रेघेला, लाल शेल्याला.
तोंडाला काय, विचारलं तर शेठ म्हणाला,
तिसरा रंग म्हणजे तिसरा छापा,
त्याचे पैसे तुझा बाप देईल का?
म्हणून तोंडाला मी रंग दिलाच नाही.
पंच्याहत्तर पैशांचं पुस्तक.
तुम्ही ज्याला गोरा म्हणता ना,
तो नेपानगरचा कागद होता.

बोरसे खाली बसला.
हिलालने माझ्या दाढीचे पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन पेटी उघडली.
डांबरगोळ्यांच्या वासात अठ्ठावीस अंक.
वावटळ आधी पिवळा पडलेला, मग तपकिरी,
कडेकडेने तर चहाच्या गाळासारखा.
चाळीस वर्षं, कुणाला न विचारता,
पेटीतल्या पेटीत सावळा होत गेलेला.
हसू आलं. हेही उद्या सांगू म्हटलं.

मग पान उलटलं.

पान अकरा. लळिंग घाटात एसटी अडवणारी टोळी.
काळी. नुसत्या रेघांची नाही,
भरून काळी,
डोळे आणि दात तेवढे सोडलेले.
तो ब्रश आठवला, दोन नंबरचा,
बोटांत धरलेला, माझ्याच.
ठसा फिका उठला म्हणून
शेठ म्हणाला होता, शाई वाढव.
वाढव म्हणाला होता.
ते पैसे कुणाचा बाप देणार,
हे तेव्हा त्याने विचारलं नाही.
मीही नाही.
अठ्ठावीस अंक, दर अंकात एक टोळी.
त्यातल्या कुणालाच स्वतःचं नाव नव्हतं.
सगळ्यांना मिळून एक होतं,
ते मी इथे लिहीत नाही.

हे मी सलूनमध्ये सांगितलेलं नाही.

रविवारी लळिंगला गेलो, किल्ल्याखाली शूटिंग होतं.
दिलवर दगडावर बसून
लाल शेल्याला टाचणी लावत होता.
मी कोण ते कळल्यावर पाया पडायला वाकला,
तर मी दोन पावलं मागे सरलो.
त्याला वाटलं असेल, म्हातारा शिष्ट आहे.
वाटू दे.

म्हणाला, "बापू, एक विचारायचंय.
वावटळ चालायला लागला
की आधी कोणता पाय टाकतो?"

अठ्ठावीस अंक मनात चाळले.
तो उडतो. तो उतरतो.
कमरेवर हात ठेवून उभा राहतो.
चालताना आम्ही त्याला
कधी काढलंच नव्हतं.

"माहीत नाही," म्हणालो.

त्याने मान हलवली. चपला काढून
दगडाच्या सावलीत ठेवल्या
आणि कॅमेरा अजून बंद असताना
तापलेल्या खडीवरून जाऊन आला,
एकदा डाव्याने सुरू करून,
एकदा उजव्याने.